ठेवायचं, द्यायचं की मोडीत घालायचं? कोकणातल्या घरातल्या नकोशा भेटी आणि आठवणींच्या वस्तू

माळ्यावरची प्रत्येक वस्तू कुणीतरी कधीतरी "असू दे, लागेल" म्हणत वर चढवलेली असते. देशावरच्या कोरड्या हवेत हे धोरण पंधरा-वीस वर्षं खपून जातं. कोकणात खपत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, चार महिने हवा ओलीकिच्च असते आणि चाकरमान्यांचं घर गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद. अशा घरात वस्तू वर टाकून ठेवली की तिचा निकाल बुरशी, कसर आणि वाळवीच्या हाती गेला म्हणायचा. शिवाय ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं आणि कौलं-पत्रे उडाले. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात तळमजले बुडाले. माळा आणि तळमजला, दोन्ही जागा भरवशाच्या नाहीत.

हे आधी सांगायचं कारण, वस्तू घराबाहेर काढताना वाटणारा अपराधीपणा ज्या समजावर उभा असतो तो समजच इथे टिकत नाही. "ठेवली म्हणजे मान राखला, दिली म्हणजे अनादर केला" असं आपण धरून चालतो. पण प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली आत्याची रेशमी साडी चार पावसाळ्यांनंतर घडीवर विरते, तेव्हा कुठला मान राखला जातो? तेव्हा तुलना करायची ती "ठेवणं विरुद्ध टाकणं" अशी करू नये. वस्तूला पुढे जाण्याच्या सहा वाटा आहेत, आणि कुठल्या वस्तूला कुठली वाट हा खरा प्रश्न आहे.

| वाट | हातात काय येतं | वेळ | मागे फिरता येतं? | कुठे फसतं |
|---|---|---|---|---|
| नात्यात देणं | पैसे नाहीत, पण वस्तू नजरेसमोर राहते | एक-दोन आठवडे | बहुतेक वेळा हो | एका वस्तूला दोन दावेदार |
| दान | काही नाही | आधी विचारून आठवडाभर | नाही | नको ते दुसऱ्याच्या गळ्यात मारणं |
| मोड, भंगार | वजनावर पैसे | एक दुपार | नाही | वजन, घट (वजनातून केलेली कपात), धातूची ओळख |
| उक्तं विकणं | मोडीपेक्षा बरंच जास्त मिळू शकतं | महिना-दोन महिने | नाही | भाव माहीत नसताना सौदा |
| रूप बदलून घेणं | वापरातली वस्तू | महिना, शिवणारी मिळाली तर | नाही | "नंतर शिवू" म्हणून पडलेलं गाठोडं |
| नीट ठेवणं | वस्तू | दरवर्षी एक अख्खा दिवस | कायम | दमट हवा |

शेवटच्या ओळीतल्या "दरवर्षी एक दिवस" याकडे लोक दुर्लक्ष करतात. ठेवण्याची किंमत असते, आणि ती घरातल्या एखाद्या वहिनीच्या किंवा काकीच्या अंगमेहनतीतून वसूल होते. ज्यांना वस्तू टाकवत नाही ते बहुधा माळा झाडायला येत नाहीत, हेही एकदा घरात बोलून टाकावं.

आहेर आणि वाण

आहेरात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: देण्याघेण्याचा व्यवहार आणि प्रत्यक्ष वस्तू. व्यवहार आहेराच्या वहीत असतो. कुणी काय दिलं, किती दिलं, त्यांच्या घरच्या कार्यात आपण त्या तोलाचं परत कसं करायचं, हे सगळं त्या वहीत आहे. ती वही जपा, पानं जुनी झाली असतील तर एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा. वही शाबूत असली की सहावा ताटवाटी सेट घराबाहेर गेला म्हणून नात्यातलं काही जात नाही. परतफेड व्हायची ती वहीवरून होते, सेटवरून होत नाही.

आता वस्तू. स्टीलच्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं. "अमुक यांजकडून सप्रेम भेट" असं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं भांडं पुन्हा आहेरात देता येत नाही, आणि दिलं तर कधी ना कधी पंगतीत ते उलटं होऊन वाचलं जातं. नाव घासून काढायला पॉलिश करून देणारे असतात, पण कोरीव खोल असेल तर पत्रा पातळ होतो आणि जागा डागासारखी दिसते. त्यापेक्षा वाडीच्या किंवा मंडळाच्या सामाईक भांड्यांत ती टाकावीत. सत्यनारायण, लग्न, गावजेवण यांना तिथून भांडी जातात, आणि तिथे दहा घरांची नावं असलेली ताटं चालतात. देणाऱ्याच्या नावाचं ताट गावच्या पंगतीत फिरलं तर कुणाचा अपमान होत नाही, झाला तर मानच होतो. देताना वस्तूंची यादी करून मंडळाच्या माणसाची सही घ्या, नाहीतर दोन वर्षांनी "तुमची होती की आमची" सुरू होतं.

वाणाचं वेगळं. संक्रांतीला बाहेर पडलेली प्लास्टिकची डबी रथसप्तमीपर्यंत वाडी फिरून पुन्हा आपल्याच घरी येऊ शकते, इतकं ते वर्तुळ लहान असतं. नवीकोरी वाणं पुढे देणं यात गैर काही नाही, पण तीन गोष्टी पाळा. प्रत्येक वस्तू आत ठेवतानाच चिठ्ठी लावा: कुणाकडून, कशानिमित्त, कोणत्या वर्षी. ज्या भावकीतून आली त्या भावकीत देऊ नका. आणि देण्याआधी खोक्याचं झाकण उघडून तळापर्यंत बघा. सगळ्यात जास्त फजिती आत राहिलेल्या शुभेच्छापत्रामुळे आणि पाकिटामुळे होते. विजेची वस्तू असेल तर वॉरंटी कार्डावरची तारीखही बघा. तीन वर्षं पडून असलेला मिक्सर एकदा चालवून मगच द्यावा, कारण दमट हवेत मोटर जाम झालेली असते.

भिंतीवरची घड्याळं, फोटो फ्रेम, राळेचे (रेझिनचे) शोपीस यांना भेट म्हणून पुढे बाजार नाही. एका घरात किती घड्याळं लागतात याचं उत्तर आहेर देणाऱ्यांनी अजून शोधलेलं नाही. घड्याळं अंगणवाडीला, जिल्हा परिषदेच्या शाळेला, ग्रामपंचायतीला विचारून द्यावीत, सेल काढून, कारण गळलेला सेल पितळी पट्ट्या खातो आणि घड्याळ कायमचं जातं. फ्रेममधली काच आणि चौकट वेगळी केली की चौकट भंगारात जाते. राळेचा शोपीस भंगारवालाही घेत नाही. तो कचऱ्यातच जातो, आणि गेला तरी चालतो. परसात जाळू मात्र नका.

निवृत्त शिक्षक, सरपंच, भजनीबुवा यांच्या घरी शाली आणि सन्मानचिन्हांचा ढीग असतो. सन्मानचिन्हातली आठवण म्हणजे नाव कोरलेली पट्टी. ती बहुतेक वेळा दोन बारीक स्क्रूंनी किंवा दुहेरी चिकटपट्टीने लावलेली असते. चिकटपट्टी असेल तर केस वाळवायच्या मशीनची गरम हवा मिनिटभर द्या आणि जाड दोरा मागून करवतीसारखा ओढा, पट्टी न वाकता सुटते. सगळ्या पट्ट्या एका फळीवर क्रमाने लावल्या की तीस चिन्हांची जागा दीड फुटात मावते. रिकामे कप आणि स्टँड गावच्या क्रीडा मंडळाला उपयोगी पडतात, ते नवीन पट्टी लावून वापरतात. लोकरी शाली धुऊन, कडक उन्हात वाळवून वृद्धाश्रमात द्या. पातळ, चकाकत्या सत्काराच्या शाली तिथेही नको असतात, त्या पितळेच्या भांड्यांभोवती गुंडाळायला ठेवा.

पितळ, तांबं, कांसं

इथे पैसे गुंतलेले असतात, म्हणून भांडणंही इथेच होतात. आधी साधी कसोटी: गेल्या दोन गणपतींत हे भांडं माळ्यावरून उतरलं का? उतरलं असेल तर ते वापरातलं आहे, त्याच्यावर चर्चा नको. नसेल तर चार वाटा: ठेवणं, नात्यात देणं, मोड, उक्ती विक्री.

ठेवून वापरायचं असेल तर पितळेच्या तपेल्याला आतून कल्हई हवी. कथिलाचा तो थर गेला की आमसूल, चिंच, ताक घातलेला पदार्थ धातूशी झटतो, चव कळकते आणि पोटालाही बाधतं. सोलकढीसाठी कल्हई नसलेलं पितळ अजिबात नको. कल्हईवाला दरवर्षी मिळेलच असं आता नाही, म्हणून दर एक-दोन वर्षांनी कल्हई करून घ्यायची तयारी नसेल तर ते भांडं फार तर पाणी तापवायला किंवा झाड लावायला. समई, लामणदिवा, घंगाळ, बंब यांना कल्हईचा प्रश्न नाही.

मोडीला द्यायचं तर घरीच तयारी करा. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर भांडं हातात घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा, फरक म्हणजे भांड्याचं वजन. मोठ्या भांड्यांना एवढी अचूकता पुरते. लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर वर पितळेचा मुलामा आणि आत लोखंड. तांबं, पितळ, कांसं असे तीन ढीग वेगळे करा आणि तिन्हींचा भाव वेगळा विचारा. तांब्याला पितळेपेक्षा जास्त भाव असतो, पण मिसळून दिलं तर सगळं पितळेच्या भावात जातं. कांसं ओळखायला बोटाच्या गाठीने टिचकी मारा, घंटेसारखा लांब नाद येतो, पितळ लवकर गप्प होतं. लोखंडी कड्या, बंबाची जाळी आधी काढून टाका. काजळी आणि किट आमसुलाच्या पाण्याने उतरवा, कारण त्याच्या नावावर दुकानदार "घट" धरतो आणि ती घट त्याच्या मनाप्रमाणे असते. भाव तीन ठिकाणी एकाच दिवशी फोनवर विचारा. माणूस घरी येऊन बसला, चहा झाला की घासाघीस जमत नाही.

रोख घ्यावी की मोडीवर नवी वस्तू? समजा ६ किलोचा हंडा आहे. एक दुकानदार किलोला ५०० रोख देतो, म्हणजे ३०००. दुसरा मोडीवर ५५० धरतो, म्हणजे ३३००, पण त्याच्याकडचा कुकर बाहेरच्यापेक्षा ४०० ने महाग आहे. मग १०० रुपयांचं नुकसान झालं. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, पण हिशेब असाच करायचा: आधी नव्या वस्तूचा रोख भाव बाहेर विचारून घ्या, मगच मोडीचं बोला.

उक्ती विक्री ही मोडीपेक्षा फायद्याची असू शकते आणि धोक्याचीही. जुन्या घरांतले नक्षीचे खांब, दरवाजे, झोपाळ्याच्या पितळी कड्या, पानाचे डबे, पायली-शेराची मापं घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात. त्यांची पद्धत ठरलेली: "सगळं मिळून इतके देतो." त्या ढिगातली एकच वस्तू त्यांना हवी असते, बाकी भरताड. म्हणून ढिगातून एकेक वस्तू बाजूला काढून "ही सोडून किती?" असं विचारत जा. ज्या वस्तूने भाव धाडकन पडतो ती खरी. झोपाळ्याच्या कड्या वजनावर कधीच देऊ नका, त्यांना घडणावळीची किंमत असते. आणि १०० वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, कोरीवकाम किंवा ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. घेणारा परवाना दाखवत नसेल तर सौदा थांबवा.

ऑनलाइन पलंग-कपाट विकताना एकच सावधगिरी: पैसे मिळण्यासाठी कधीही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणणारा तुमच्या खात्यातून काढणार आहे.

मुंबईला न्यायचं का? रेल्वेत स्लीपर वर्गाला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, त्यामुळे हंडा नेता येतो. पण तो फ्लॅटमध्ये गॅलरीत जाऊन बसणार असेल तर तुम्ही अडगळ एका जिल्ह्यातून दुसऱ्यात हलवलीत, एवढंच.

साड्या आणि कपडे

आईच्या, आजीच्या साड्या हा सगळ्यात अवघड भाग. इथे कापडाची जात निर्णय देते.

सुती नऊवारी: हिचं दुसरं आयुष्य ठरलेलं आहे, गोधडी. नऊवारीची लांबी साधारण ८.२ मीटर. तिची चार पदरी घडी केली की २ मीटरहून थोडी लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद चवड होते. एका माणसाची पातळ गोधडी एका नऊवारीत होते, थंडीपुरती जाड हवी असेल तर दोन साड्या, आठ पदर. त्याहून जास्त पदर घातले तर सुई जात नाही आणि पावसाळ्यात आतले पदर सुकत नाहीत, वास धरतात. शिवण्याआधी साडी उजेडासमोर धरा. जिथे विरून जाळी झाली असेल तो भाग आतल्या पदरात जाईल अशी घडी पाडा. काठ कापून वेगळे ठेवा आणि शेवटी कडेला लावा. जास्त साड्या असतील तर प्रत्येक भावंडाला एकेक गोधडी, वाटणी आपोआप होते. फार जीर्ण असेल ते जुनेर बाळंतघरात लंगोट-दुपट्यांसाठी द्या, नव्या कापडाला ती मऊ सर येत नाही.

सिंथेटिक सहावारी: गोधडीला निरुपयोगी. कापड घसरतं, घाम शोषत नाही. नेसण्याजोगी असेल तर फॉल-पिको शाबूत आहे का बघून द्या. नसेल तर भांडी घेऊन फिरणाऱ्या बोहारणीला. एका स्टीलच्या डब्याला चार साड्या गेल्या म्हणून हळहळू नका, त्या साड्यांना दुसरीकडे तेवढीही किंमत नाही.

जरीची रेशमी साडी: इथे तीन वाटांची तुलना करावी. नेसणारं कुणी असेल, सून, भाची, तर नेसायला देणं सगळ्यात उत्तम. कापड चांगलं आणि फक्त घड्या उसवलेल्या असतील तर पदर आणि काठ काढून नव्या साध्या रेशमावर बसवता येतात, किंवा मुलीचं परकर-पोलकं. कापड गेलेलं असेल तर जरी घेणाऱ्याकडे, पण आधी जरीची परीक्षा हवी. एक धागा काढून नखाने खरवडा. सोनेरी थराखाली पांढरी चांदी दिसली तर खरी जरी असण्याची शक्यता आहे, तांबूस धातू दिसला तर तांब्याच्या तारेची, प्लास्टिकसारखा तुकडा सुटला तर कवडीमोल. खऱ्या जरीचा सौदा दोन सराफांना दाखवल्याशिवाय करू नये.

ठेवायचीच असेल तर: मलमलच्या फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकमध्ये नाही. घडी दर तीन-चार महिन्यांनी वेगळ्या जागी पाडायची. डांबरगोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत, जरी काळवंडते. त्याऐवजी वेखंडाच्या पुरचुंड्या. वारं द्यायचं ते सावलीत, एप्रिल-मेमध्ये, पडवीत. हे सगळं दरवर्षी करणारं माणूस घरात नसेल तर "ठेवणं" हा पर्यायच तुमच्यासमोर नाही, असं समजून पुढची वाट धरा.

फोटो, पत्रं, कागद

फोटोंत ठेवणं आणि सोडणं एकत्र करता येतं. चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, पुन्हा त्याच आकारात काय, दुप्पट आकारातही छापता येतो. आधी निवडा, मग स्कॅन करा. एका बारशाचे चाळीस फोटो असतील तर पाच पुरे. फाइलला नाव देताना वर्ष, गाव, माणसं डावीकडून उजवीकडे, कारण ओळखणारी आत्या आज आहे, म्हणून हे काम तिच्याशेजारी बसूनच करावं. पेन ड्राइव्हवर एकच प्रत ठेवून निर्धास्त होऊ नका. दोन वेगळ्या ठिकाणी, त्यातली एक मुंबईत.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. मेण नसलेला दातांचा दोरा फोटोच्या मागून सरकवत न्या. काचेला चिकटलेला फोटो सोडवायच्या फंदात तर पडूच नका. ओल लागली की फोटोचा जिलेटिनचा थर काचेला बसतो आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा.

कागदांत मात्र उलटा नियम: वाचल्याशिवाय काहीही सोडू नका. प्रेमपत्रांच्या गठ्ठ्यात खरेदीखत सापडतं. फेरफार, सातबारा, कुळकायद्याचे कागद, वाटणीपत्र, पावत्या बाजूला. मोडी लिपीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालणं ही कोकणातली सगळ्यात महागडी साफसफाई आहे. मोडी वाचणारे लोक आजही आहेत, पुराभिलेख विभाग मोडीचं प्रशिक्षण देतो. पुस्तकं, जुने दिवाळी अंक हे वाचनालयाला आधी यादी पाठवून विचारा. १८२८ पासूनचं रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय असो की तालुक्याचं लहान वाचनालय, कसर लागलेलं पुस्तक कुणीच घेणार नाही, कारण एक पुस्तक अख्खं कपाट पोखरतं.

देवाच्या वस्तू

गणपती भेट द्यायची फॅशन आली आणि प्रत्येक घरात आठ-दहा गणपती झाले. हे टाकले तर पाप लागेल, म्हणून लोक खाडीत सोडतात किंवा गावच्या पिंपळाच्या पारावर आणून ठेवतात. पारावर ठेवणं म्हणजे निर्णय गुरवाच्या अंगावर ढकलणं. राळेची मूर्ती पाण्यात विरघळतच नाही, भरतीला परत किनाऱ्यावर येते. प्लास्टर ऑफ पॅरिसही नुसत्या पाण्यात विरत नाही. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे: मूर्ती बुडेल एवढं पाणी आणि साधारण मूर्तीच्या वजनाएवढी पावडर, दिवसातून दोन-तीनदा ढवळायचं. भांडं उघड्यावर ठेवा, अमोनियाचा वास येतो. शाडूची मूर्ती बादलीत विरघळून माती झाडाला. धातूची लहान मूर्ती शुद्ध करून नव्या घराला, नव्या देव्हाऱ्याला देता येते. पूजेतला टाक किंवा कुळाचा देव मात्र घरच्या वडीलधाऱ्यांना आणि भटजींना विचारल्याशिवाय हलवू नका. तसबिरीची काच-चौकट वेगळी, कागद पाण्यात भिजवून लगदा करून मुळाशी.

गेलेल्या माणसाच्या वस्तू

बहुतेक घरांत वर्षश्राद्धापर्यंत कपाट उघडत नाहीत, आणि ते ठीकच आहे. अपवाद तीन. वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर, श्रवणयंत्र लगेच द्या, त्यांची गरज असलेलं कुणीतरी गावात आजच आहे. औषधं कुणालाही देऊ नका. आणि तेव्हा पावसाळा असेल तर कपडे वाळवून बंद डब्यात, नाहीतर वर्षभराने निवडायला काही उरतच नाही. वर्षानंतर प्रत्येकाने एक वापरातली वस्तू घ्यावी: अडकित्ता, चष्म्याचं घर, छत्रीची मूठ. रोज हातात येणारी वस्तू माळ्यावरच्या ट्रंकेपेक्षा जास्त आठवण ठेवते.

सामाईक घर: कुणी ठरवायचं, कधी

गावचं घर बहुधा एकाचं नसतं. तुम्ही भेट म्हणून समजता ती समई चुलत्याच्या वाट्याचीही असू शकते. म्हणून एकट्याने साफसफाई नको. वस्तूंना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावा, फोटो काढून भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, उत्तराला पंधरा दिवस द्या. नियम एकच: ज्याला हवी त्याने ठरलेल्या तारखेपर्यंत स्वतः न्यायची. "माझी आहे, पण तिथेच असू दे" हे उत्तर धरायचं नाही. दोघांना हवी असेल तर चिठ्ठी उचला. मोडीचे पैसे घराच्या शाकारणीला किंवा गणपतीच्या खर्चाला लावले की कुणाला संशय राहत नाही.

गणपतीत सगळे असतात, पण हवा ओली असते आणि कुणाला उसंत नसते. तेव्हा फक्त याद्या कराव्यात. उपसायचं ते एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत. मेच्या अखेरीस वळीव येतो आणि अंगणात पसरलेलं सगळं भिजतं.

उपसताना सांबराची शिंगं, मृगाजिन, वाघनखाचं लॉकेट निघालं तर ते दान, विक्री, भेट यातलं काहीही करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. मालकीचं प्रमाणपत्र आहे का ते शोधा, नसेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवा. आजोबांची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक निघाली तर ती कुठेही न हलवता पोलीस ठाण्याला सांगा.

जे ठेवायचं ठरलं ते घट्ट झाकणाच्या डब्यात, मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी भरा. ओलसर वस्तू बंद केली तर ओल आतच कोंडते आणि उघड्यापेक्षा जास्त बुरशी येते. ५० लिटरच्या डब्याला १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलला की तापवून पुन्हा. डबा चिऱ्याच्या भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वीतभर वर फळीवर.

आणि देणाऱ्याने विचारलं तर? खरं आणि थोडक्यात सांगा. "आत्या, ती हिरवी साडी धाकट्या वहिनीला दिली, तिच्या डोहाळजेवणाला नेसली होती," एवढं पुरतं, आणि शक्य असेल तर नेसलेला फोटो दाखवा. "माळ्यावर जपून ठेवलीय" असं सांगू नका. आत्या गणपतीत येते आणि शिडी लावायला सांगते.